आयएसएसएन खरा, इम्पॅक्ट फॅक्टर खरा, जर्नल मात्र खोटं

खोटी जर्नलं कशी ओळखायची याच्या सूचना आता जवळजवळ प्रत्येक संशोधन कार्यशाळेत मिळतात. आयएसएसएन म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक तपासा, इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलमधले पेपर सरासरी किती वेळा उद्धृत होतात तो आकडा तपासा, संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का बघा, स्कोपस या जर्नलांच्या सूचीत नोंद आहे का बघा. आम्ही हे सगळं तपासलं होतं आणि सगळं खरं निघालं होतं. खरं निघणारच होतं, कारण ते सगळं एका खऱ्या जर्नलचंच होतं. फक्त ज्या संकेतस्थळावर आमचा पेपर गेला आणि ज्या खात्यात पैसे गेले, त्यांचा त्या जर्नलशी काडीचाही संबंध नव्हता.

हायजॅक केलेलं जर्नल म्हणतात ते हेच. एखादं जुनं, मान्यताप्राप्त पण इंटरनेटवर फारसं न दिसणारं जर्नल हेरायचं, त्याचं नाव, आयएसएसएन, मुखपृष्ठ, संपादकांची यादी उचलायची आणि हुबेहूब दिसणारं दुसरं संकेतस्थळ उभं करून लेखकांकडून प्रकाशन शुल्क गोळा करायचं. 'नेचर'ने २०१३ साली अशा दोन युरोपीय जर्नलांची बातमी दिली होती, 'आर्काइव्ह दे सियाँस' आणि 'वुल्फेनिया'. तेव्हापासून हा धंदा वाढतच गेला आहे. फुटकळ, कालपरवा जन्मलेली, पैसे घेऊन काहीही छापणारी शिकारी जर्नलं निदान स्वतःच्या नावाने तरी लुटतात. इथे नावही चोरीचं असतं.

आमचा पेपर क्षयरोगाच्या प्रतिबंधक उपचारावर होता. रुग्णाच्या घरातल्या माणसांना आठवड्यातून एकदा असे बारा आठवडे औषध देतात, तर ते किती जण पूर्ण करतात, कोण मध्येच सोडतं आणि का. माहिती गोळा करायला बरीच वर्षं लागली होती. पेपर आम्ही आधी मेडआर्काइव्ह या खुल्या संकेतस्थळावर प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधीचा मसुदा म्हणून, टाकला. त्यानंतर काही दिवसांतच एका जर्नलच्या नावाने पत्र आलं.

या पत्राबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण 'अशी पत्रं वाचताक्षणी कळतात' असं अनेकांना वाटतं. ती मोडक्या इंग्रजीतली, 'आदरणीय थोर संशोधक' म्हणणारी आणि बालरोगतज्ज्ञाला पोलादावरच्या विशेषांकाचं आमंत्रण देणारी पत्रं वेगळी. या पत्रात आमच्या प्रीप्रिंटमधला एक आकडा अचूक दिला होता, अर्ध्यावर औषध सोडणाऱ्यांबद्दलचं आमचं निरीक्षण एका वाक्यात मांडलं होतं आणि क्षयरोगावरचा विशेष विभाग निघतोय असं लिहिलं होतं. खाली संपादकांचं नाव होतं. ते गृहस्थ खरे आहेत, संसर्गजन्य रोगांवर त्यांचं काम आहे आणि ते त्या खऱ्या जर्नलचे संपादकही आहेत. पत्र मात्र त्यांनी लिहिलेलं नव्हतं. प्रीप्रिंट कुणालाही वाचता येतो, त्यावर पत्रव्यवहारासाठी ईमेल दिलेला असतो आणि लेखक अजून जर्नलच्या शोधात आहे हेही त्यावरून कळतं. सावज शोधायला याहून सोयीची जागा कुठली?

शुल्क आमच्या विषयातल्या नावाजलेल्या जर्नलांपेक्षा कमी होतं, पण संशय यावा इतकं कमी नव्हतं. दर ठरवणाऱ्याला बाजार चांगला माहीत होता.

रिव्ह्यूअरचे, म्हणजे पेपर पारखणाऱ्या तज्ज्ञांचे, अभिप्राय लवकर आले, दोघांचे. एकाने इंग्रजी सुधारायला सांगितलं, तर दुसऱ्याला संदर्भ अलीकडचे हवे होते आणि आकृत्या मोठ्या. बारापैकी किती मात्रा घेतल्या तर उपचार 'पूर्ण' धरला, हे कुणीच विचारलं नाही. अशा पेपरवर जाणकार माणूस सगळ्यात आधी हेच विचारतो. मध्येच गळालेल्या लोकांचं विश्लेषणात काय केलं, औषध घेतल्याची खात्री कशी केली, यावरही चकार शब्द नव्हता. निरीक्षणात्मक अभ्यासासाठी असते ती स्ट्रोबची तपासयादीही कुणी मागितली नाही. पण खरं सांगायचं तर प्रतिष्ठित जर्नलांकडूनही असे आळसट अभिप्राय येतात, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. चोरांचं फावतं ते त्यामुळेच.

पेपर स्वीकारला गेला, शुल्क भरलं आणि पेपर संकेतस्थळावर झळकला. डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, तोही दिला होता. तो क्लिक केल्यावर काही सापडत नव्हतं. 'क्रॉसरेफकडे नोंद व्हायला वेळ लागतो' असं उत्तर आलं. डीओआयची नोंद ठेवणारी ही संस्था. थोडा उशीर खऱ्या जर्नलांतही होतो, त्यामुळे आम्ही वाट पाहिली.

बिंग फुटलं ते भलत्याच बाजूने. पेपर झळकल्यावर त्यांनी आमच्याकडे मूळ डेटा मागितला, म्हणजे प्रत्येक व्यक्तीची वेगळी ओळ असलेली फाइल. कारण दिलं, पारदर्शकतेचं धोरण. आता सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात डेटा खुला करण्याचा आग्रह रास्तच आहे आणि अनेक चांगली जर्नलं तो धरतात. पण आमच्या नीतिमत्ता समितीची अट होती की, व्यक्तिगत पातळीवरची माहिती संस्थेबाहेर द्यायची तर दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार हवा. नाव-पत्ता काढून टाकला तरी वय, लिंग, निदानाची तारीख आणि भाग एवढं जुळवलं की लहान वस्तीत माणूस ओळखू येतो, आणि क्षयरोग झालाय हे शेजाऱ्यांना कळणं अनेक घरांना परवडत नाही. म्हणून आमच्या डेटा मॅनेजरने कराराचा मसुदा पाठवला आणि सहीसाठी जबाबदार अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संस्थेचा नोंदणीकृत पत्ता विचारला.

तिकडून अचानक शांतता. इतके दिवस तासाभरात उत्तर देणारं कार्यालय मुकं झालं. मग एका ओळीचं पत्र आलं की, कराराची गरज नाही, फाइल तशीच पाठवा. कुठलाही खरा प्रकाशक असं लिहिणार नाही. फाइल आम्ही पाठवली नाही. या प्रकरणात त्याबद्दलच हायसं वाटतं. त्या माणसांना रुग्णांचा डेटा कशाला हवा होता, हे मला आजही कळलेलं नाही.

मग डेटा मॅनेजरने उलट्या दिशेने शोध घेतला. ग्रंथालयातून त्या जर्नलचा जुना छापील अंक काढला आणि त्यावरच्या पत्त्यावर संपादकांना लिहिलं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. असा पेपर त्यांच्याकडे कधी आलाच नव्हता, आणि अशी विचारणा करणारे आम्ही पहिले नव्हतो. त्यांच्या पत्रात रागापेक्षा थकवा जास्त होता. बिचाऱ्यांचं नाव वापरून परस्पर लोक लुटले जात होते आणि शिव्याशाप त्यांच्या वाट्याला येत होते.

नंतर पाहिलं तर खुणा होत्या, पण सहसा कुणी बघत नाही अशा जागी. जर्नल कित्येक दशकं जुनं, पण त्या संकेतस्थळाच्या डोमेनची नोंदणी अगदी अलीकडची. जुन्या अंकांच्या पानावर फक्त मुखपृष्ठं, आत पेपर नाहीत. अलीकडच्या अंकांत क्षयरोगाच्या शेजारी सिमेंटची ताकद आणि बँक ग्राहकांचं समाधान. आणि पैसे गेले ते खातं एका व्यक्तीच्या नावावर, तेही प्रकाशकाचा देश सोडून तिसऱ्याच देशात. आयएसएसएनच्या अधिकृत पोर्टलवर त्या क्रमांकापुढे प्रकाशक आणि देश दिलेला असतो. क्रमांक खरा आहे का, एवढंच बघून लोक थांबतात. तो कुणाचा आहे हे बघायचं असतं. शिवाय आयएसएसएन ही निव्वळ नोंद आहे, दर्जाची हमी नव्हे.

स्कोपसवर विसंबून राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हायजॅक झालेल्या काही जर्नलांच्या नोंदीत थेट चोरांच्या संकेतस्थळाची लिंक शिरली होती. ते उघड झाल्यावर २०२३च्या अखेरीस स्कोपसने जर्नलांच्या होमपेजच्या लिंकच काढून टाकल्या. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या शोधसूचीचंही तसंच. तिथे पेपर दिसला म्हणजे जर्नल मेडलाइन या निवडक जर्नलांच्या सूचीने पारखलेलं आहे असं नाही, कारण निधी देणाऱ्या संस्थांच्या नियमामुळे लेखकांनी पबमेड सेंट्रल या खुल्या संग्रहात जमा केलेले पेपरही तिथे दिसतात. त्यापेक्षा रिट्रॅक्शन वॉच या मागे घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणाऱ्या संकेतस्थळाची हायजॅक केलेल्या जर्नलांची यादी बघावी. ॲना अबाल्किना या संशोधिकेच्या कामातून ती २०२२मध्ये सुरू झाली आणि ती फुकट आहे. त्या यादीत नाव नाही म्हणजे सगळं ठीक, असं मात्र समजू नका. आम्ही फसलो ते जर्नल तेव्हा यादीत नव्हतं.

पैसे गेले याचं दुःख लवकर ओसरतं. खरा घोळ पुढे असतो. पेपर 'प्रसिद्ध' झाला होता, आणि एकदा प्रसिद्ध झालेला मजकूर दुसरं जर्नल घेत नाही. म्हणून आम्ही पेपर काढून टाका असं लिहिलं. उत्तरात 'माघार शुल्का'चं बिल आलं, मूळ शुल्काहून मोठं. भरलं नाही तर 'एकच पेपर दोन ठिकाणी पाठवल्याची तक्रार तुमच्या संस्थेकडे करू', ही धमकी सोबत. पेपर ओलीस ठेवणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. खऱ्या जर्नलमध्ये पेपर मागे घेतला जातो तो जाहीरपणे आणि फुकट. करोनाच्या काळात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमधला पेपर २२ मे २०२० रोजी आला. त्याच्या आधारावर जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग काही दिवस थांबवला. मूळ डेटा तपासायलाच मिळेना तेव्हा ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. फसगत मोठ्या जर्नलांचीही होते. पण तिथे दुरुस्तीला दार असतं, इथे दारावर खंडणीखोर बसलेला असतो.

माघार शुल्क आम्ही भरलं नाही. संस्थेच्या नीतिमत्ता समितीला आणि निधी देणाऱ्यांना आम्हीच आधी सगळं लेखी कळवलं, त्यामुळे धमकीतली हवा गेली. बँकेकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार दिली, पैसे परत आले नाहीत. २०१९मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने एका मोठ्या प्रकाशन कंपनीला लेखकांच्या फसवणुकीबद्दल पाच कोटी डॉलरहून जास्त भरायला सांगितलं होतं. पण त्या कंपनीला नाव आणि पत्ता होता. आमच्या चोरांकडे उसनं नाव होतं, पत्ता नव्हताच.

नवीन जर्नलकडे पेपर पाठवण्याआधी संपादकांना सगळा पत्रव्यवहार जोडून विचारलं. एकाने नकार दिला. कारण नियमात बसणारं होतं, पण फसवला गेलेला आणि फसवणारा यांना एकाच मापात मोजणारं होतं. ते मला अजूनही पटलेलं नाही. दुसऱ्या संपादकांनी खऱ्या जर्नलच्या संपादकांचं पत्र मागवून घेतलं, आमच्या पेपरमध्ये आधीच्या प्रकाराची उघड नोंद घालायला सांगितली आणि मग रिव्ह्यूला पाठवला. रिव्ह्यूअरचा पहिलाच प्रश्न होता, उपचार 'पूर्ण' कशाला धरलं?

एक शेपूट अजून शिल्लक आहे. त्या खोट्या संकेतस्थळाने माझं नाव आणि फोटो संपादक मंडळात टाकला, आणि माझ्या नावाने तरुण संशोधकांना आमंत्रणं जाऊ लागली. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पोलंडमधल्या काही संशोधकांनी एका काल्पनिक बाईचा अर्ज संपादकपदासाठी ३६० जर्नलांना पाठवला होता, तेव्हा ४८ जर्नलांनी तिला घेतलं. मला तर अर्जही करावा लागला नाही. माझ्या नावाने कुणाला परिषदेचं किंवा पेपरचं बोलावणं आलं तर ते माझं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावानेही अशी बैठकांची आमंत्रणं फिरतात. बैठकीच्या नोंदणीसाठी किंवा हॉटेलच्या आरक्षणासाठी आपण कधीच पैसे मागत नाही, असं संघटनेने स्वतःच जाहीर केलेलं आहे.

खोटी प्रत अजून नेटवर आहे आणि गूगल स्कॉलरमध्ये कधीकधी खऱ्या पेपरच्या वर दिसते. एका आढावा लेखाने तीच उद्धृत केली होती. लेखकांना कळवल्यावर त्यांनी संदर्भ बदलला. तुमचा पेपर असा अडकला असेल तर आधी सगळी पत्रं आणि पावत्या जपून ठेवा, दुसरा हप्ता देऊ नका, आणि मूळ जर्नलच्या संपादकांना लिहा. त्यांचा पत्ता मात्र आलेल्या ईमेलमधून घेऊ नका, छापील अंकातून काढा.