हीनीच्या कविता की डेरीच्या भिंती?

मैत्रिणीला प्रबंधाला विषय हवाय: आयरिश कवी शेमस हीनीचा ‘नॉर्थ’ (१९७५) हा कवितासंग्रह की उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराच्या बॉगसाइड वस्तीतली, तिथल्या हिंसक संघर्षावरची भित्तिचित्रं?

खर्चात पुस्तक स्वस्त. भिंती तिथे जाऊनच पाहाव्यात. फोटोत घराएवढी उंची हरवते.

मेहनतीचं उलट. ‘नॉर्थ’मधल्या ‘पनिशमेंट’ या कवितेत दलदलीत सापडलेली लोहयुगातली मुलगी आणि ब्रिटिश सैनिकांशी संबंध ठेवले म्हणून डांबर फासलेल्या बायका एकत्र येतात. कवी स्वतःच्या गप्प राहण्यालाही सोडत नाही. संदर्भ लावताना घाम फुटतो.

भिंत चटकन भिडते, पण ती बदलते. १९७१ मध्ये मारल्या गेलेल्या १४ वर्षांच्या मुलीच्या चित्रातली बंदूक २००६ मध्ये मोडकी रंगवली, कोऱ्या फुलपाखरात रंग भरले. हा बदलच खरा प्रबंध, असं माझं मत.

शब्दांशी झुंजायचं असेल तर हीनी. माणसांशी बोलायची हौस आणि विमानाचे पैसे असतील तर डेरी.