प्री-व्हॅक्युम ऑटोक्लेव्ह: पावसाळ्यात वापरून बघितला

चिपळूणजवळच्या छोट्या हॉस्पिटलात निर्जंतुकीकरणाचं काम माझ्याकडे आहे. जुन्या उभ्या ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनच्या) जागी डॉक्टरांनी हा प्री-व्हॅक्युम घेतला, म्हणजे आधी आतली हवा ओढून मग वाफ सोडणारा. १३४ अंशांवर चार मिनिटं, हे ठीकच; खरी मजा सुकवण्यात आहे. जुन्यात ऐन आषाढात कपड्यांचा ड्रम उघडला की टॉवेल ओलसर, आणि ओला पॅक (गुंडाळून लावलेलं सामान) निर्जंतुक धरत नाहीत, म्हणजे परत सगळं लावा! आता पॅक खडखडीत निघतात. फक्त गरम पॅक गार ओट्यावर ठेवू नका, खालून घाम धरतो.

रोज सकाळी पहिल्या लोडच्या आधी बोवी-डिक टेस्ट लावते, म्हणजे आतली हवा पूर्ण निघते का ते दाखवणारा, रंग बदलणारा कागद. कागद सगळीकडे सारखा रंगला नाही, तर आत हवा अडकलीय. पॅकच्या बाहेरची, उष्णतेने रंग बदलणारी टेप काळी झाली की काम झालं असं नवीन मुली समजतात. ती फक्त पॅक आत जाऊन आला एवढंच सांगते. आर्टरीच्या (रक्तवाहिनी धरायच्या चिमट्याच्या) सांध्यात सुकलेलं रक्त तर कुठलंच मशीन काढत नाही, ब्रश मारावाच लागतो.

तक्रार सर्व्हिसची. इंजिनीअर कोल्हापूरहून येतो, घाटात दरड आली की बसा वाट बघत. बोअरचं पाणी अजिबात चालत नाही, डिस्टिल्डच लागतं. दाराचं गॅस्केट एक जादा मागवून ठेवा.