एक हजार मिलिग्रॅमची फसफसणारी गोळी आणि कोलेस्टेरॉलचा दावा

आषाढाच्या शेवटच्या आठवड्यात माझा लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा अहवाल आला. त्यात एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १५२ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) २१२ होते. त्याच संध्याकाळी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका मेडिकलमध्ये सहज विषय निघाला, तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी क जीवनसत्त्वाच्या फसफसणाऱ्या गोळ्यांची नळी पुढे सरकवली आणि म्हणाले, “साहेब, चरबी वितळते यानं. दोन महिन्यांनी रिपोर्ट काढून बघा की.” नळीत २० गोळ्या होत्या आणि प्रत्येक गोळीत १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व होते. सोबत एक गुळगुळीत पत्रक मिळाले आणि त्यावर ‘कोलेस्टेरॉल नियंत्रणास साहाय्यक’ असे ठळक छापले होते. उत्पादनाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण त्याच फळीवर याच धाटणीच्या आणखी तीन-चार नळ्या होत्या आणि पुढे जे लिहितो आहे ते त्या सर्वांना लागू पडावे.

वस्तू म्हणून नळीबद्दल तक्रार नाही. झाकणात ओलावा शोषणारे दाणे आहेत, त्यामुळे कोल्हापूरच्या पावसाळ्यातही शेवटची गोळी पहिलीइतकीच कोरडी राहिली. ग्लासभर पाण्यात ती दोन मिनिटांत विरघळते आणि चव संत्र्याच्या गोळीसारखी, किंचित खारट लागते. हा खारटपणा सोड्याचा असतो. गोळी फसफसण्यासाठी घातलेल्या सोड्यातून बऱ्यापैकी सोडियम पोटात जाते, त्यामुळे रक्तदाबाचे औषध चालू असलेल्यांनी नळीवरची बारीक अक्षरे वाचूनच ती घ्यावी. उपाशीपोटी घेतल्यास छातीत जळजळते. एकदा उत्साहाच्या भरात दिवसाला दोन गोळ्या घेतल्या, तर पोट इतके बिघडले की दुसऱ्या दिवशीचा प्रवास रद्द करावा लागला.

आता मूळ दाव्याकडे वळतो. आठ आठवडे रोज एक गोळी घेऊन अनंत चतुर्दशीनंतर पुन्हा तपासणी केली, तेव्हा एलडीएल १४३ आणि ट्रायग्लिसराइड १६८ आले. क्षणभर मीही खूश झालो. मात्र घरी येऊन दोन्ही अहवालांच्या तारखा शेजारी ठेवल्या आणि लाज वाटली. पहिली तपासणी ऐन आखाडातली होती, जेव्हा आमच्याकडे एका आठवड्यात तीन वेळा तांबडा-पांढरा झाला होता. दुसऱ्या तपासणीपूर्वी संपूर्ण श्रावण आणि पाठोपाठ गणपती गेले होते, म्हणजे दीड महिन्याहून अधिक काळ घरात मटण शिजले नव्हते आणि पाहुण्यांबरोबरच्या बैठकाही बंद होत्या. ट्रायग्लिसराइड खाण्यापिण्याप्रमाणे झपाट्याने वर-खाली होते, आणि एलडीएलमधला नऊचा फरक तर एकाच माणसाच्या दोन तपासण्यांत कोणतेही औषध न घेताही पडू शकतो. श्रेय गोळीचे की श्रावणाचे, हे माझ्या दोन कागदांवरून ठरवता येणार नव्हते. मग इतरांनी मोठ्या संख्येने केलेले प्रयोग काय सांगतात ते पाहणे भाग होते.

दावा अगदी हवेतला नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले (चरबी पचवायला मदत करणारी पित्तातली द्रव्ये) तयार करते आणि त्या प्रक्रियेच्या पहिल्या पायरीला क जीवनसत्त्वाची मदत लागते. गिनीपिगला माणसाप्रमाणेच हे जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. त्याला ते आहारातून मिळू दिले नाही, तर त्याचे कोलेस्टेरॉल वाढते आणि पुन्हा दिले की उतरते. (आपण ज्या बोकडाचे मटण खातो तो मात्र स्वतःच्या यकृतात क जीवनसत्त्व बनवतो, या बाबतीत तो आपल्याहून सुखी आहे.) पण कमतरता भरून काढल्याने झालेला फायदा, कमतरता नसलेल्या माणसाला दहापट डोस देऊनही होईल, असे यातून निघत नाही. पत्रक नेमकी हीच उडी मारते.

माणसांवरचे आकडे अधिक बोलके आहेत. २००८ मध्ये १३ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कोलेस्टेरॉल वाढलेल्या व्यक्तींनी रोज किमान ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व घेतल्यावर एलडीएल सरासरी आठ अंकांनी आणि ट्रायग्लिसराइड वीस अंकांनी उतरल्याचे दिसले. विक्रेत्यांना आवडणारा आकडा हाच. २०१६ मधल्या आणखी एका एकत्रित आढाव्यात मात्र सरसकट परिणाम आढळला नाही, काही विशिष्ट गटांतच थोडा फरक दिसला. आठचा आकडा खरा धरला, तरी माझ्या १५२ मधून तो वजा करून पाहावा: पाच टक्के. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरच्या नेहमीच्या औषधाच्या मध्यम डोसने एलडीएल तीस टक्क्यांहून अधिक उतरते.

शिवाय आकडा उतरवण्यापेक्षा हृदयविकाराचा झटका टळतो का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर सुमारे आठ वर्षे चाललेल्या चाचणीत रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाने हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात कमी झाला नाही. तिचा निष्कर्ष २००८ मध्ये आला. त्याआधी २००२ मध्ये ब्रिटनमधील २०,५३६ जणांच्या चाचणीत ई जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन एकत्र दिले गेले. त्याचा उपयोग झाला नाहीच, उलट एलडीएल किंचित वाढले. त्याच चाचणीतील सिम्वास्टॅटिन या स्टॅटिनने मात्र झटके व पक्षाघात सुमारे एक चतुर्थांशाने कमी केले.

पत्रकावर अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लिनस पॉलिंग यांचे छायाचित्र आहे आणि खाली ‘दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी’ असे लिहिले आहे. हे खरेच आहे. पण १९५४ चे पारितोषिक रासायनिक बंधांवरच्या कामासाठी होते आणि १९६२ चे शांततेचे, अणुचाचण्यांविरुद्धच्या लढ्यासाठी. क जीवनसत्त्वाच्या प्रचंड डोसांनी हृदयविकार टळतो, हे त्यांचे मत या दोहोंत कुठेच बसत नाही.

डोसाचे गणितही तपासले. भारतीय पुरुषासाठी रोजची शिफारस ८० मिलिग्रॅमची आहे. एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत घेतलेले क जीवनसत्त्व जवळजवळ पूर्ण शोषले जाते, पण १००० मिलिग्रॅमवर निम्म्याच्या आसपासच, आणि रक्तात जाते त्यातलाही बराच भाग मूत्रावाटे बाहेर पडतो. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम असते, म्हणजे कपिलतीर्थ मंडईतला एक पेरू या गोळीच्या उपयोगी पडणाऱ्या भागाच्या बराच जवळ जातो. शोषलेल्या भागातले काही ऑक्झलेट बनून मूत्रात उतरते, आणि बहुतेक मुतखडे ऑक्झलेटचेच असतात. स्वीडनमधील पुरुषांच्या २०१३ च्या अभ्यासात क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मुतखड्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. ज्यांना एकदा खडा झाला आहे त्यांनी ही नळी घरात आणूच नये.

प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांकडून आणखी एक गोष्ट कळली. कोलेस्टेरॉल मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत शेवटी एक रंग तयार होतो आणि त्याच्या गडदपणावरून आकडा काढतात. क जीवनसत्त्व त्या रंगाला अडथळा करते. रक्तात ते फार असेल, विशेषतः शिरेतून दिले असेल, तर आकडा खोटाच कमी येऊ शकतो. एका गोळीने फरक किरकोळ पडत असेल, पण औषधाचे यश आपण ज्या तपासणीने मोजतो तिच्यातच ते औषध ढवळाढवळ करते, हे पत्रकात यायला हवे होते.

मला सर्वांत जास्त खटकले ते दाजींचे उदाहरण. मी नळी घेतल्याचे ऐकून त्यांनीही घेतली आणि डॉक्टरांना न विचारता स्टॅटिनची गोळी दिवसाआड केली. त्यांना स्टेंट बसवलेला आहे. वहिनींच्या लक्षात आले म्हणून बरे; त्यांनी दुसऱ्याच दिवशी दाजींना डॉक्टरांपुढे नेऊन बसवले.

क जीवनसत्त्वाची गोळी म्हणून मी या उत्पादनाला पाचपैकी तीन गुण देईन, कोलेस्टेरॉलचा उपाय म्हणून शून्य. उरलेल्या चार गोळ्या पडून आहेत. पुढची तपासणी दिवाळीच्या फराळाआधी ठरवली आहे आणि तोपर्यंत नळीला हात लावणार नाही. नवरात्र उठल्यावर रविवारचे मटण पुन्हा सुरू होईल, त्यामुळे या वेळचा आकडा श्रावणाच्या मदतीशिवाय येईल.