पागोळ्या, व्हाळ आणि चार माईक: निसर्गाचे आवाज टिपायला काय घ्यावं?

गेल्या जूनमध्ये आंबोलीजवळ एका घरी मुक्कामाला होते. पहाटे साडेचारला उठून पडवीच्या कठड्यावर तीन नोंदी एकाच वेळी सुरू केल्या: एक रोजच्या मोबाइलवर, दुसरी हातात मावणाऱ्या रेकॉर्डरवर आणि तिसरी तसल्याच दुसऱ्या रेकॉर्डरवर, पण त्याला छोट्या क्लिप माईकची जोडी लावून. चौथं यंत्र, ठरवलेल्या वेळी आपोआप नोंद घेणारं ऑडिओमॉथ, आदल्या संध्याकाळीच परसातल्या फणसाला बांधलं होतं. रात्री पाऊस पडून गेला होता. कौलांवरून पागोळ्या गळत होत्या, खाली व्हाळ वाहत होता, बेडूक आणि रातकिडे होतेच. झुंजुमुंजू व्हायच्या आधी शीळकरी कस्तुराने सुरुवात केली आणि थोड्या वेळाने एक एसटी गिअर बदलत घाट चढून गेली.

हा खटाटोप मावसबहिणीसाठी होता. ती सावंतवाडी तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. गावच्या देवराईचे आवाज वर्षभर, ऋतू बदलतील तसे, मुलांना बरोबर घेऊन टिपायचं तिच्या मनात आहे. "ताई, एकदाच पैसे खर्च करणार आहे, नेमकं काय घेऊ ते सांग," असं तिने विचारलं होतं. तसं एका वाक्यात सांगता येईना, म्हणून एकच पहाट चौघांकडून ऐकली.

मोबाइलपासून सुरुवात करते. त्याच्या नोंदीत कस्तुराची शीळ छान आली होती, पण व्हाळ जवळजवळ नाहीसा झाला होता. मोबाइल बोलण्यासाठी बनवलेला असतो. माणसाचा शब्द ऐकू यावा म्हणून मागचा सतत चालणारा आवाज तो गोंगाट समजून दाबतो. आपल्याला हवे असलेले वाहतं पाणी, रातकिड्यांची किरकिर, पानांची सळसळ हे सगळे सतत चालणारेच आवाज. शिवाय आवाजाची पातळी तो आपली आपण वरखाली करत राहतो. पक्षी गप्प झाला की रातकिडे एकदम मोठे होतात, पुन्हा शीळ आली की दबतात. ऐकताना जीव कासावीस होतो, कारण पडवीत बसून कानांनी ऐकलेलं असं नव्हतं.

यावर थोडा इलाज आहे. वेव्ह फाइल (आवाजातलं काही न गाळता साठवणारी) करणारं आणि आवाज साफ करण्याची सोय बंद ठेवू देणारं अ‍ॅप घ्यावं. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये लॉसलेस, म्हणजे काही न गाळण्याचा, पर्याय निवडता येतो. पक्षी ओळखणारं मर्लिन अ‍ॅप नोंद वेव्ह स्वरूपातच ठेवतं. फोन एअरप्लेन मोडवर टाकून कुठेतरी टेकवून ठेवावा आणि आपण दहा पावलं लांब जाऊन उभं राहावं. हातात धरलेल्या फोनमध्ये बोटांची खरखर हमखास येते.

तरीही मोबाइलला मी कमी लेखणार नाही. आमच्या आजोळच्या घराची कौलं काढून पत्रा घातला, त्याच्या आदल्या पावसाळ्यात मी मागच्या पडवीत साध्या मोबाइलवर चार मिनिटं पागोळ्या टिपल्या होत्या. नोंद एकपदरी, म्हणजे डावं-उजवं न कळणारी आहे, आवाज दबलेला आहे. पण त्या घराच्या पागोळ्या आता जगात तेवढ्याच उरल्या आहेत. चांगलं यंत्र येईपर्यंत थांबले असते, तर त्याही राहिल्या नसत्या.

हातातला रेकॉर्डर, म्हणजे झूम कंपनीचा एच-१ एसेन्शियल किंवा टास्कम कंपनीचा डीआर-०५एक्स, लावला की पहिल्यांदा जाणवते ती जागा. व्हाळ डावीकडे खाली, पागोळ्या समोर, कस्तूर उजवीकडच्या झाडीत. दोन माईक असल्यामुळे आवाजाला दिशा येते. झूमचे माईक एकमेकांवर काटकोनात रोखलेले असतात, टास्कमचे सगळीकडचं ऐकणारे. झूममध्ये दिशा जास्त नेमकी कळते. टास्कमचं चित्र थोडं पसरट येतं, पण वारा आणि हाताळणीची खरखर त्याला जरा कमी बाधते. दोन्ही साधारण दहा हजारांच्या आगेमागे मिळतात.

दुकानात आणि जाहिरातीत '३२ बिट फ्लोट' या शब्दाचा फार गाजावाजा असतो. त्याचा फायदा खरा आहे. गेन, म्हणजे आवाज किती उचलायचा ते, आधी ठरवावं लागत नाही. बेडूक अचानक कानाशी ओरडला तरी नोंद फाटत नाही आणि फार हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो. शाळेतल्या मुलांच्या हाती द्यायला हे उत्तमच. वरच्या दोघांपैकी झूममध्ये ते आहे, टास्कमच्या डीआर-०५एक्समध्ये नाही. पण शांत जागी टिपायचं असेल, तर मोठी अडचण वेगळीच असते आणि तिच्यावर ३२ बिटचा काही उपयोग होत नाही.

ती अडचण म्हणजे माईकचा स्वतःचा आवाज. प्रत्येक माईक आणि त्यामागचं सर्किट काहीही ऐकू येत नसतानाही बारीक 'स्स्स' करत असतं. रस्त्यावर, बाजारात, धबधब्याजवळ ते कळत नाही. पहाटेच्या जंगलात, जिथे लांबच्या पानावर पडलेला थेंबही ऐकू येतो, तिथे नोंद मोठी करून ऐकायला गेलं की थेंबाच्या आधी हा 'स्स्स'च वर येतो. तो डेसिबलमध्ये मोजतात, आकडा जितका लहान तितका माईक शांत. स्टुडिओतल्या काही मोठ्या माईकचा हा आकडा ५ च्या आसपास असतो. हातातल्या छोट्या रेकॉर्डरांच्या अंगच्या माईकचा बराच वर असतो आणि पुष्कळदा माहितीपत्रकात छापलेलाच नसतो. माझ्या आंबोलीच्या नोंदीत बेडकांपर्यंत सगळं ठीक होतं. मग मध्येच बेडूक थांबले, दोन-तीन मिनिटं अगदी शांत गेली. त्या मिनिटांत व्हाळाच्या वर एक तलम पडदा टाकल्यासारखा रेकॉर्डरचा सुस्कारा पसरलेला होता. ते ऐकून मला खरंच वाईट वाटलं, कारण साऱ्या पहाटेतली तीच मिनिटं मला सगळ्यांत प्रिय होती.

इथे क्लिप माईकची जोडी पुढे गेली. निसर्गाचे आवाज टिपणाऱ्या लोकांमध्ये ईएम-२७२ नावाची एक छोटी कॅप्सूल लोकप्रिय आहे. बोटाच्या पेराहून लहान, पण तिचा स्वतःचा आवाज फक्त १४ डेसिबलच्या आसपास. अशा दोन कॅप्सूल वायरीला जोडलेल्या तयार मिळतात आणि रेकॉर्डरच्या साध्या ३.५ मिमी खाचेत बसतात. तिथूनच त्यांना लागणारी थोडीशी वीज मिळते, मात्र ही सोय आपल्या रेकॉर्डरमध्ये आहे ना, हे घेण्याआधी पाहावं. मी त्या एका लाकडी फळीच्या दोन टोकांना, माणसाच्या डोक्याच्या रुंदीएवढ्या अंतरावर लावते. कधी झाडाच्या बुंध्याच्या दोन्ही बाजूंना. हेडफोनवर ऐकलं की आपण पुन्हा त्याच कठड्याशी उभे आहोत असं वाटतं. एकेक पागोळी वेगळी ऐकू येते: दगडावर पडणारी, चिखलात पडणारी, पन्हळीत पडणारी. ती शांत मिनिटंही इथे शांतच राहिली.

या जोडीचा तोटा म्हणजे वायरी. अंधारात, पावसात, जळवांच्या दिवसांत त्या सोडवत बसायला धीर लागतो. अशा माईकना वारा मुळीच चालत नाही, केसाळ टोपी लागतेच. ती टोपी खरं तर रेकॉर्डरलाही लागते. सोबत मिळणारा स्पंज घरात पुरतो. कासच्या पठारावर किंवा कोकणकड्याशी तो नसल्यासारखाच असतो, साध्या झुळकेने नोंदीत ट्रक गेल्यासारखी घरघर येते. दोन रेकॉर्डरांमध्ये निवड करताना आठवडा घालवण्यापेक्षा दोघांपैकी कुठलाही घ्या आणि उरलेल्या पैशांची चांगली केसाळ टोपी घ्या.

कुणी बंदुकीच्या नळीसारखा लांब माईक किंवा पॅराबोलाची, म्हणजे डिश अँटेनासारखी खोलगट, ताटली सुचवेल. एकाच पक्ष्याचा आवाज हवा असेल तर ती कामाची आहेत, पण त्यांच्याविषयी गैरसमज फार. लांब माईक कॅमेऱ्यासारखा लांबचं जवळ आणत नाही, फक्त बाजूचं कमी करतो. ताटली मात्र आवाज खरोखर गोळा करते, पण ताटलीपेक्षा लांब लाटेचा आवाज तिच्यात मावत नाही. ४०० हर्ट्झच्या आवाजाची लाट ८५ सेंटीमीटरच्या आसपास असते, म्हणून भारद्वाजाचा खोल घुमारा अर्ध्या मीटरच्या ताटलीला फारसा जुमानत नाही. नवरंग असेल तर ती चांगली चालते. याहून स्वस्त उपाय पायात आहे: उघड्यावर आवाजापासूनचं अंतर निम्मं केलं की तो ६ डेसिबलने वाढतो. अर्थात घरट्याजवळ नाही, आणि पक्ष्याला बोलावण्यासाठी त्याचाच आवाज वाजवूनही नाही. विणीच्या हंगामात त्याची सगळी शक्ती त्या खोट्या प्रतिस्पर्ध्याला हाकलण्यात जाते.

ऑडिओमॉथ ही वेगळीच जात. काडेपेटीहून थोडी मोठी सर्किटची पाटी, तीन पेन्सिल सेल, एक मायक्रोएसडी कार्ड, एकच माईक. संगणकावर वेळापत्रक भरायचं, पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून झाडाला बांधायचं आणि घरी यायचं. आवाजाचे सेकंदाला ३,८४,००० नमुने घेण्याची त्याची ताकद आहे, त्यामुळे वटवाघळांचे आपल्या कानापलीकडचे आवाजही ते पकडतं. साध्या ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुन्यांवर, तासाला सुमारे ३४५ एमबी जागा लागते. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं ठेवली तर दिवसाचे चार तास होतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात साधारण दीड महिना मावतो. ते बहुधा परदेशातून मागवावं लागतं, वर कस्टम.

त्याची आंबोलीची नोंद कानाला सुंदर नाही. एकपदरी, कोरडी. पण मी झोपले होते तेव्हा, पावणेतीनला, परसात भेकर भुंकून गेलं होतं आणि ते फक्त त्यानेच ऐकलं. मात्र दीड महिन्याच्या फाइली ऐकणार कोण? बर्डनेटसारखा प्रोग्राम पक्ष्यांची नावं सुचवतो, पण चुकतोही, म्हणून प्रत्येक नोंद कानाने तपासावी लागते. आपला प्रश्न ठरलेला असेल, जसं नवरंग यंदा कधी आला किंवा पहिल्या पावसानंतर कितव्या रात्री बेडूक सुरू झाले, तरच हे यंत्र घ्यावं. प्रश्न नसताना घेतलेल्या ऑडिओमॉथचं कार्ड भरतं आणि तसंच कपाटात पडून राहतं. दुसरं असं की ते माणसांचं बोलणंही टिपतं. गावात सांगितल्याशिवाय ते लावू नये. देवराईत तर आधी मानकऱ्यांना विचारावं, आणि अभयारण्यात वनखात्याची परवानगी हवीच.

आमच्या पावसाचं थोडं सांगायला हवं, कारण परदेशी सल्ल्यात ते सापडत नाही. जुलैतल्या कोंदट हवेत कंडेन्सर माईक कधीकधी चुरचुर करू लागतात. परत आल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट डब्यात ठेवले की बहुधा सुधारतात. चालू पावसात थेंब टोपीवर पडला की 'धप्प' येतो. मी वर काथ्याची विरळ गादी धरते, थेंब तिच्यात फुटून निमूट ओघळतो. आणि वेळ निवडायची ती उजाडण्याआधीची. वारा पडलेला असतो, जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार असल्यामुळे आवाज खाली वळून दूरवर पोचतो. पण त्याच कारणाने तीन डोंगरांपलीकडचा महामार्गही येतो. टिपायच्या जागेपासून मोठा रस्ता कुठे आहे हे आधी नकाशावर बघावं.

काहीच न घेता सुरुवात करण्याचा पर्यायही मी याच ओळीत बसवते. वहीच्या पानाच्या मध्यावर एक ठिपका, तो म्हणजे आपण. पंधरा मिनिटं एका जागी बसायचं आणि जो आवाज ज्या दिशेने, जितक्या लांबून येईल तिथे तो लिहायचा. अमेरिकन ध्वनिमुद्रक बर्नी क्राऊस यांनी आवाजांच्या तीन जाती केल्या आहेत: वारा-पाण्याचे, जीवांचे आणि माणसाचे. तीन रंगांच्या पेन्सिलींनी मुलं हे सहज करतात. लुडविग कॉख यांनी १८८९ मध्ये जर्मनीत, लहानपणी, पिंजऱ्यातल्या शामा पक्ष्याचा आवाज मेणाच्या नळीवर घेतला. पक्ष्याच्या आवाजाची माहीत असलेली सर्वांत जुनी नोंद तीच मानतात आणि हा शामा आपल्या सह्याद्रीतही गातो. हे सांगितलं की मुलं शामा कुठे ऐकायला मिळेल ते विचारू लागतात. माईक मग त्यांना आपणहून हवासा वाटतो.

बहिणीला मी असं सांगितलं: पहिले दोन महिने वही आणि मोबाइल. नंतर ३२ बिटचा छोटा रेकॉर्डर, त्याच दिवशी केसाळ टोपी आणि कानावर बसणारा साधा वायरचा हेडफोन. पुढच्या वर्षी पैसे उरले तर क्लिप माईकची जोडी, रेकॉर्डर तोच चालेल. ऑडिओमॉथ माझंच तिला उसनं देणार आहे, मुलांनी एक प्रश्न लिहून पाठवला की. प्रत्येक नोंदीच्या शेवटी जागा, तारीख, वेळ आणि हवा तोंडाने बोलून ठेवायची, कारण फाइलची नावं पुढे कुणालाच आठवत नाहीत. मूळ फाइल तशीच ठेवायची, कापाकापी करायची तर प्रतीवर.

बहिणीकडून वहीतल्या आवाजांचा पहिला नकाशा परवा मोबाइलवर आला. सातवीतल्या एका मुलीने काढलेला, देवराईच्या पायरीवर बसून. वरच्या कोपऱ्यात टिटवी, खाली पंप, उजवीकडे 'कोणतरी खोकला', आणि डावीकडे मोठ्या गोलात नुसतं 'टक... टक... टक, हे काय आहे?' असं लिहिलं आहे. मला वाटतं झुडपातला बेडूक असावा. ऑडिओमॉथ सोमवारी पार्सलने निघेल.