पाहणीचा आकडा की अंगणवाडीचा काटा?

देशातली मुलं कशी आहेत, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी आढळली. सरकारला जाब विचारायला हाच आकडा हवा. पण तो जिल्ह्यापर्यंतच उतरतो. रत्नागिरीतली एखादी वाडी त्यात दिसत नाही, आणि पुढची फेरी येईतो पोर शाळेत गेलेलं असतं.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं. सलग दोन महिने काटा हलला नाही, तर सेविका लगेच आईशी बोलू शकते. मूल सावरायचं तर मला हाच मार्ग पटतो. मात्र आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबाचं मूल वहीतच नसेल, तर त्याचं वजन करणार कोण? त्याचं नाव आधी घाला, कागदपत्रं मागाहून बघू.