ओपनएपीआय की प्रोटोबफ: खरेदी केंद्राच्या कामातून बनलेलं मत

नवी सेवा लिहायला घेतली आहे आणि तिचा करार ओपनएपीआयमध्ये मांडायचा की प्रोटोबफमध्ये, यावर गाडी अडली आहे, असं असेल तर हे वाचा. करार म्हणजे दोन प्रोग्रॅमनी एकमेकांना कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची ते लिहिलेली फाईल. ओपनएपीआय तो जेसन या साध्या मजकुराच्या रूपात बोलणाऱ्या वेब सेवांसाठी लिहितं. प्रोटोबफमध्ये तो .प्रोटो फाईलमध्ये लिहितात आणि निरोप बायनरीत, म्हणजे माणसाला थेट न वाचता येणाऱ्या बाइटांत जातो. आमचं काम लातूर, धाराशिव, नांदेड या पट्ट्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या खरेदी केंद्रांसाठी चालतं. सोयाबीन, तूर, हरभरा. काट्यावरचा विंडोज कॉम्प्युटर, मापाड्याचा फोन, गोदामातला टॅब आणि हिशेबाचा सर्व्हर, एवढ्यांनी एकमेकांशी नीट बोलायचं. कोट्यवधी वापरकर्ते नाहीत, पण हंगामात पट्टी चुकली तर ट्रॅक्टरची रांग तिथेच थांबते. तुमचं काम फार वेगळं असेल तर माझं मत त्या मानाने कमी धरा.

डब्ल्यूएसडीएल, म्हणजे एक्सएमएलमधले जुने करार, हा विषय आधी मिटवतो. समोरची यंत्रणा सोप ही त्यांच्या जोडीची जुनी पद्धतच बोलत असेल तर निवड तुमच्या हातात नाहीच. २००१ची ही पद्धत, एक्सएमएल वाचून डोळे दुखतात, पण टाइपांच्या (कुठे आकडा, कुठे अक्षरं) बाबतीत ती आजच्या कित्येक जेसन सेवांपेक्षा काटेकोर होती. ग्राफक्यूएल, जिथे हवी ती माहिती स्क्रीनच निवडून मागते, ते मी तुलनेत घेतलेलंच नाही. कोणत्या स्क्रीनला काय लागणार हे आमच्याकडे आधीच ठरलेलं असतं, मग तो खटाटोप कशाला?

ओपनएपीआयची बाजू पहिल्यांदा मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. फाईल उघडली की कुणालाही कळते. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा पहिल्या दिवशी ती वाचतो, जुन्या नावाने तिला स्वॅगरच म्हणतो आणि कामाला लागतो. तारेवरून जे जातं ते साधं जेसन. केंद्रावरून फोन आला की पट्टी निघत नाही, तर तिथल्याच पोराला सांगायचं, ब्राउझरमध्ये अमुक उघड आणि फोटो पाठव. व्हॉट्सॲपवर आलेल्या त्या फोटोत निम्म्या वेळा रोग दिसतो. प्रोटोबफच्या बायनरीत अशी सोय नाही. तिथे जीआरपीसीकर्लसारखं वेगळं साधन लागतं आणि ते चालवणारा माणूसही लागतो. हंगामाच्या ऐन गर्दीत हा फरक लहान नसतो.

थोडी कुरबुर आवृत्त्यांबद्दल. ओपनएपीआय ३.० मध्ये रिकाम्या किमतीसाठी ‘नलेबल’ होतं. २०२१च्या ३.१ ने जेसन स्कीमाशी जुळवून घेताना ते काढलं. कोड तयार करणारी सगळी साधनं मात्र एकाच वेळी पुढे सरकली नाहीत. एका साधनाला ३.१ आवडतं, दुसरं ३.० वरच अडून बसतं. तरी हे निभावून नेता येतं.

निभावून नेता आलं नाही ते वेगळंच. आमच्या एका केंद्रावर काट्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं होतं. त्यांनी ओपनएपीआयची व्यवस्थित फाईल दिली, त्यात निव्वळ वजन ‘नंबर’ म्हणून लिहिलेलं. आम्ही त्याच फाईलवरून टाइपस्क्रिप्टचे (टाइप तपासणारी जावास्क्रिप्ट) टाइप तयार करून घेतले. सगळं सुरळीत. पुढे त्यांनी त्यांच्या डेटाबेसमध्ये वजनाचा कॉलम फ्लोटचा (अंदाजे दशांश) डेसिमल (नेमका दशांश) केला. केलं ते योग्यच, पैशाशी बांधलेलं वजन फ्लोटमध्ये ठेवूच नये. पण बरेच डेटाबेस ड्रायव्हर (डेटाबेसमधून माहिती प्रोग्रॅमला आणून देणारे) डेसिमलची किंमत अक्षरमाला म्हणून देतात, आणि ती तशीच पुढे जेसनमध्ये गेली. २४.६० च्या जागी अवतरणचिन्हांतलं "२४.६०" येऊ लागलं.

आता गंमत बघा. जावास्क्रिप्टमध्ये गुणाकार केला की अशा अक्षरमालेचा गुपचूप आकडा होतो. "२४.६०" गुणिले ४,८९२ (२०२४-२५चा सोयाबीनचा क्विंटलमागचा हमीभाव) म्हणजे १,२०,३४३ रुपये २० पैसे. बरोबर. शेतकऱ्याच्या हातातली प्रत्येक पट्टी बरोबर. बेरीज मात्र गुणाकारासारखी वागत नाही, ती अक्षरं एकापुढे एक चिकटवते. शून्यापासून बेरीज सुरू केली, पहिली गाडी २४.६०, दुसरी १८.३५, की एकूण आवक "०२४.६०१८.३५". दिवसभर कुणाला काही कळलं नाही. संध्याकाळी गोदामाचा साठा जुळवायला बसले तेव्हा पडद्यावर ही आगगाडी.

टाइपस्क्रिप्टने का पकडलं नाही? कारण त्याचे टाइप कंपाइल होताना, म्हणजे कोड चालण्याजोगा बनताना, गळून पडतात, चालत्या पानात त्यांचा मागमूस नसतो. फाईलवर भरवसा ठेवून ते तयार झाले होते आणि फाईल तर अजूनही ‘नंबर’च म्हणत होती. मी त्या कंपनीत फोन केला. तिकडचा मुलगा अगदी शांतपणे म्हणाला, “फाईल बघा की सर तुमी, नंबरच लिवलाय त्यात.” खोटं बोलत नव्हता बिचारा. सातबाऱ्यावर कापूस आणि रानात उभी तूर, अशातली गत. कागद बरोबर, रानही आपल्या जागी बरोबर, फक्त दोघांचा एकमेकांशी संबंध उरलेला नाही.

माझं मन फिरलं ते इथे. ओपनएपीआयची फाईल सेवेच्या शेजारी बसते. ती बाजूला ठेवूनही निरोप जातो, येतो, आणि वाटेत कुणी हटकत नाही. प्रोटोबफमध्ये निरोपाचे बाइट बनवणारा कोडच त्या .प्रोटो फाईलमधून निघतो. फाईलमध्ये डबल (दशांश आकडा) असेल तर सर्व्हर तिथे अक्षरमाला भरूच शकत नाही. टाइप पाळणाऱ्या भाषेत तो कोड कंपाइलच होत नाही आणि पायथॉनसारख्या भाषेत ती किंमत भरतानाच चूक फेकली जाते. बोलायचं असेल तर आधी फाईल बदलावी लागते. फाईल गिटमध्ये असते, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राहते, आणि बफ नावाचं तपासणी साधन बसवलेलं असेल तर टाइप बदलल्याबरोबर ते बिल्ड थांबवतं.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. ओपनएपीआयमध्येही आधी फाईल, मग कोड, असं काम करता येतं. सर्व्हरवर येणारं-जाणारं प्रत्येक जेसन फाईलशी ताडून पाहणारं मिडलवेअर, म्हणजे वाटेतला तपासनीस कोड, लावता येतं. ही शिस्त तुमच्या टीममध्ये असेल तर माझी तक्रार बरीचशी विरघळते. आमच्या स्वतःच्या सेवांत आम्ही ते केलंही. पण ती शिस्त दुसऱ्याच्या घरात नेता येत नाही, आणि घाईत पहिली गळते ती तीच. दुसरं, प्रोटोबफही चमत्कार करत नाही. कुणी न सांगता त्याच क्रमांकाच्या फील्डचा टाइप डबलवरून अक्षरमाला केला तर जुना वाचक ते फील्ड अनोळखी समजून बाजूला ठेवतो आणि वजन शून्य दाखवतो. हेही वाईटच. फक्त शून्य वजनाची पट्टी घेऊन शेतकरी त्याच मिनिटाला टेबलापाशी येतो, संध्याकाळची वाट बघत नाही.

शून्यावरून प्रोटोबफचा मोठा दोष आठवला. प्रोटो३ (.प्रोटो फाईल लिहायची रूढ पद्धत) मध्ये साध्या आकड्याच्या फील्डची किंमत शून्य असेल तर ती तारेवर जातच नाही, आणि पाठवलीच नसेल तरीही वाचणाऱ्याला शून्यच दिसतं. ‘माती शून्य टक्के’ आणि ‘माती अजून तपासली नाही’ हे दोन्ही सारखेच. आमच्या धंद्यात एकाचा अर्थ पूर्ण भाव आणि दुसऱ्याचा अर्थ थांबा, अजून चाळणी व्हायची आहे. उपाय आहे: फील्डच्या आधी ‘ऑप्शनल’ लिहायचं. प्रोटोबफच्या २०२१च्या ३.१५ आवृत्तीपासून ते रीतसर चालतं, आणि नव्या ‘एडिशन २०२३’मध्ये तर ही नोंद आपोआपच ठेवली जाते. पण प्रोटो३च्या फाईलमध्ये हा शब्द विसरला तर कंपाइलर चकार शब्द काढत नाही. इथे ओपनएपीआयचं ‘रिक्वायर्ड’ (हे फील्ड आलंच पाहिजे) जास्त बोलकं आहे, हे मान्य. आम्ही आता मोजमापाच्या प्रत्येक फील्डला डोळे मिटून ऑप्शनल लावतो.

ओपनएपीआयच्या बाजूने आणखी एक मुद्दा नेहमी सांगितला जातो: कमाल, किमान, अक्षरांचा नमुना, सगळं करारातच लिहिता येतं. प्रोटोबफमध्ये ते मुळात नाही, वेगळं जोडावं लागतं. मला आधी ही उणीव वाटायची. पण हमीभाव खरेदीचंच घ्या. सोयाबीनचं मॉइश्चर १२ टक्क्यांपर्यंत, हा नियम. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने त्या हंगामापुरती ती मर्यादा १५ टक्क्यांवर नेली. ज्याने करारात ‘मॅक्सिमम १२’ लिहिलं असेल त्याला एका सरकारी पत्रापायी करार बदलून सगळ्या फोनांवर नवं ॲप पोचवणं आलं. मॉइश्चर हा दशांश आकडा आहे एवढंच करारात असावं. किती चालेल ते सर्व्हरच्या नियमात राहू द्यावं, असं आता मला वाटतं. दुसऱ्या धंद्यात हे उलट असू शकेल.

फोनांचा विषय निघालाच आहे. मापाडी ॲप अपडेट करत नाही. मेमरी फुल, डेटा संपलेला, किंवा ‘चालू हाय ते कशाला छेडा’. त्यामुळे दोन हंगामांमागचं ॲप आणि आजचा सर्व्हर एकमेकांशी बोलत असतात. प्रोटोबफमध्ये तारेवर फील्डचं नाव नसतं, क्रमांक असतो. ‘बारदाना’चं नाव बदलून ‘बारदाना वजन’ केलं तरी बायनरी बोलणाऱ्या जुन्या फोनला पत्ता लागत नाही. काढलेल्या फील्डचा क्रमांक ‘रिझर्व्हड’ म्हणून बंद करून टाकायचा, म्हणजे पुढे कुणी तो दुसऱ्याच अर्थाने वापरत नाही. जेसनमध्ये नाव हाच करार, तिथे चांगलं नाव सुचलं तरी हात आवरावा लागतो. मला हे फार सोयीचं गेलं, जवळजवळ त्या वजनाच्या प्रकरणाइतकंच.

वेग आणि आकार यांवर मी वेळ घालवणार नाही, आमच्या प्रमाणावर फरक जाणवला नाही. मराठी नावांपुरतं एक लक्षात ठेवा. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहायची रूढ पद्धत) मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं. पीएचपी आणि पायथॉन मात्र जेसन लिहिताना सांगितलं नाही तर त्याचं ६ बाइटांचं एस्केप रूप (अक्षराऐवजी त्याचा कोड) करतात. म्हणजे ‘शिवाजी’ १८ ऐवजी ३६ बाइट. प्रोटोबफमध्ये हा प्रश्न येत नाही, जेसनमध्ये एक पर्याय लावला की सुटतो, आणि जीझिप (पाठवताना दाबून लहान करणं) असेल तर अंतर आणखी कमी होतं.

ब्राउझरची अडचण मात्र खरी आहे. प्रोटोबफचे निरोप बहुधा जीआरपीसीने पाठवतात. ते एचटीटीपी-२ च्या ट्रेलरवर (उत्तराच्या शेवटी येणारी माहिती) चालतं, ब्राउझर ते पानाच्या हाती देत नाही, म्हणून जीआरपीसी-वेब आणि मध्ये एन्व्हॉयसारखा प्रॉक्सी, म्हणजे दुभाषा सर्व्हर. लहान टीमला हे ओझं आहे. आम्ही ते उचललं नाही. करार .प्रोटोमध्ये, निरोपांची ने-आण कनेक्ट या साधनाने. त्यात तीच सेवा बायनरीही बोलते आणि साध्या पोस्टवर जेसनही घेते, प्रॉक्सीशिवाय. त्यामुळे कर्लसारखं (आज्ञा टाइप करून सेवेला विचारायचं) साधं साधन चालतं आणि व्हॉट्सॲपवरचा फोटोही परत मिळाला. बाहेरच्या कुणाला जोडायचं असेल तर त्याच .प्रोटोमधून ओपनएपीआयची फाईल काढून देतो. हाताने कुणी ती लिहीत नाही. त्या काट्याच्या कंपनीने मात्र .प्रोटो घेतली नाही. त्यांच्या कॉम्प्युटरशेजारी आमचा एक छोटा प्रोग्रॅम बसवला आहे. तो त्यांचं जेसन वाचतो, वजन तपासतो आणि मगच टाइप असलेला निरोप पुढे ढकलतो.

तेव्हा तुमची सेवा मुख्यतः परक्या लोकांनी वापरायची असेल, तर मी तुम्हाला ओपनएपीआयपासून अडवणार नाही. मिडलवेअर तेवढं लावा. दोन्ही टोकं तुमच्याच हातात असतील तर माझा कल कुठे आहे ते कळलंच असेल.

या वाटेने गेलात तर वजन पहिल्यापासून ग्रॅममध्ये पूर्णांक ठेवा, आणि एका गाडीसाठी इंट३२ (३२ बिटांचा पूर्णांक) घ्या, त्यात २,१४७ टनांपर्यंत बसतं. इंट६४ घेतलंत तर प्रोटोबफ जेसन लिहिताना तो आकडा अवतरणचिन्हांत घालून देतं, कारण जावास्क्रिप्टला २ चा ५३वा घात ओलांडला की पूर्णांक नेमके धरता येत नाहीत. हंगामाच्या एकूण आवकेला इंट६४ लागेलच. ती बेरीज सर्व्हरवर करा, पानावर नको.