सोर्स हरवलेली जार फाइल: सीएफआर की फर्नफ्लॉवर?

जुन्या जार फाइलचा (कंपाइल केलेल्या जावा प्रोग्रॅमचं गाठोडं) सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ कोड, कोणाकडेच नाही आणि आतलं लॉजिक समजून घ्यायचंय, अशा वेळी जावावाल्यांसमोर मुख्यतः दोन डीकंपायलरची, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइलमधून वाचता येईल असा कोड परत काढणाऱ्या टूलची, नावं येतात. जेटब्रेन्सच्या इंटेलिजे आयडिया या आयडीईत (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) जारमधली क्लास फाइल उघडली की दिसतो तो कोड फर्नफ्लॉवरने काढलेला असतो. दुसरं नाव सीएफआर. हा ली बेनफील्ड यांचा डीकंपायलर. फर्नफ्लॉवरही मुळात एका माणसानेच लिहिलेला, नंतर जेटब्रेन्सने तो आपल्या आयडीईत घेतला.

फक्त एखाद्या लायब्ररीत डोकवायचं असेल तर वेगळं काही उतरवू नका, आयडीईतला फर्नफ्लॉवर पुरतो.

पण शेकडो ओळींच्या मेथड वाचायच्या असतील तर मी सीएफआरच्या बाजूने आहे. स्ट्रिंगवरचा स्विच घ्या, म्हणजे मजकूर कोणता आहे त्यावरून पुढची वाट निवडणारी रचना. कंपायलर त्याचे दोन स्विच करतो: आधी हॅशकोडवर (मजकुरावरून काढलेल्या आकड्यावर) शाखा, तिथे इक्वल्सने मजकूर तोच असल्याची खात्री, मग मिळालेल्या आकड्यावर दुसरा स्विच. सीएफआर हे ओळखून मूळ स्विच परत बांधतो. फर्नफ्लॉवरच्या जुन्या आवृत्त्यांत हॅशकोडचं जंजाळ तसंच समोर यायचं. शिवाय सीएफआरमध्ये ही उकल ऑप्शन देऊन बंद करता येते, लॅम्डाचीही (बिननावाचं छोटं फंक्शन). कंपायलर खरोखर काय करतो हे शिकायला याहून चांगली सोय माझ्या पाहण्यात नाही.

व्हेरिएबलची मूळ नावं डीबग माहितीशिवाय (चुका शोधायला सोबत ठेवलेली माहिती) कंपाइल केलेल्या क्लासमध्ये उरतच नाहीत. तिथे फर्नफ्लॉवर व्हार१, व्हार२ असे नंबर लावतो, तर सीएफआर टाइपवरून स्ट्रिंग, अ‍ॅरेलिस्ट अशी नावं देतो. दिवसभर कोड वाचताना हा फरक फार जाणवतो. एखाद्या मेथडची रचना नीट जुळली नाही, तर सीएफआर तसं कॉमेंटमध्ये लिहितो आणि गोटूच्या (‘अमुक ठिकाणी उडी मार’ अशा) खुणा ठेवतो. कुठल्या ओळींवर विसंबायचं नाही ते लगेच कळतं.

एकट्याच्या टूलवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न रास्त आहे. पावेल कुझनेत्सोव्ह यांचा जॅड हा डीकंपायलर एकेकाळी सगळ्यांच्या मशीनवर असायचा. पण सोर्स बंद होता. त्यांनी काम थांबवल्यावर जावा ५ आणि पुढच्या क्लासपुढे तो अडकला. सीएफआरचा सोर्स एमआयटी लायसन्सखाली खुला आहे, त्यामुळे इथे ती भीती मला वाटत नाही. फर्नफ्लॉवरही खुला आहे. त्याच्याच वंशातला व्हाइनफ्लॉवर माइनक्राफ्ट या गेमचे मॉड (गेममधले फेरबदल) लिहिणाऱ्या मंडळींतून वाढला. निघालेला कोड पुन्हा कंपाइल करायचा असेल तर तोही चालवून बघा.

दुसऱ्याची जार असेल तर आधी लायसन्स वाचा. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये इंटरऑपरेबिलिटीसाठी (आपला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून चालवण्यासाठी) सूट आहे, पण ती कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला, आणि हवी ती माहिती इतर मार्गाने सहज मिळत नसेल तरच.

एखादी मेथड सीएफआरला उलगडली नाही, तर तेवढीच फर्नफ्लॉवरमध्ये उघडा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत, तर जेडीकेतल्या (जावाचा डेव्हलपमेंट संच) जावापी या टूलने बाइटकोड, म्हणजे क्लास फाइलमधल्या प्रत्यक्ष सूचना, काढा आणि निकाल त्यावरून लावा.